अस्वलीच्या कातडीखाली

फार पूर्वी बर्फाळ डोंगरातल्या एका गाभण अस्वलीच्या कातडीखाली एक मूळपेशी राहत होती. तिचं काय व्हायचं ते अजून ठरलं नव्हतं. तिच्या आतल्या दारावर एक पहारेकरी होता. त्याने दार उघडलं की पेशी बदले, आणि मग मागे फिरता येत नसे.

हिवाळ्याच्या तोंडावर रक्तातून निरोप्या आला. "ताई, चरबी व्हायचंय. आता अस्वल चार महिने जेवणार नाही."

"मी हाड होणार! चरबी होऊन या म्हातारीसारखं लोळत पडू?"

शेजारची म्हातारी चरबीपेशी हसली. "लोळते खरी. गेल्या हिवाळ्यात होतं नव्हतं ते सगळं देऊन बसले. आम्ही कमी पडलो गं. पिल्लू जगलं नाही."

पेशी दाराकडे वळली. मग म्हणाली, "पहारेकरीदादा, उघडा दार."

ती तेलाने टम्म फुगली. बर्फ पडला, तशी रोज थोडी रिती होत गेली. बर्फ वितळू लागला तेव्हा ती अगदी चपटी झाली होती. तेवढ्यात बाहेरून कातडीवर इवले पंजे धडपडले. मग आणखी एका पिल्लाचे.

"आजी, किती आहेत?"

"दोन," म्हातारी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "दोन."