डोंगरावरची होडीशाळा

फार फार पूर्वी, एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात दगड भरपूर, माती मात्र नावाला. शेतं पिकायची नाहीत, शेळ्या तेवढ्या चरायच्या. डोंगराच्या पायथ्याशी, एका खाडीच्या तोंडावर मोठं बंदर होतं, आणि बंदरात होड्या बांधायचा कारखाना होता. आभाळ स्वच्छ असलं की माथ्यावरून समुद्राची निळी रेघ दिसायची. गावातली तरणी पोरं त्या रेघेकडे बघत मोठी व्हायची, आणि काम मिळालं तर तिथंच मिळावं, असं जो तो म्हणायचा.

राजा मनानं चांगला होता. त्याला कळलं, की बंदरात काम आहे पण हात नाहीत, आणि डोंगरावर हात आहेत पण काम नाही. त्यानं डोंगरावर होडीशाळा काढली. आता तुम्ही म्हणाल, डोंगरावर होडीशाळा? पाण्यावाचून? अहो, राजाला कोण विचारणार! शाळा निघाली खरी, आणि गुरुजीही मिळाले.

गुरुजी भले माणूस. एक पाय अधू, म्हणून ते कधी डोंगर उतरले नव्हते. किनाऱ्यावरचा एक म्हातारा कारागीर फार वर्षांपूर्वी गावात येऊन राहिला होता, त्याच्याकडून ते शिकले. बिचारा म्हातारा शिकवता शिकवताच वारला. फळ्या जोडायच्या, फटीत तेलात भिजवलेला कापूस भरायचा, वरून राळ लावायची, एवढं सांगून झालं होतं. पुढचं सांगायचं राहून गेलं. गुरुजींना वाटलं, विद्या संपली.

गावात लाकडाची टंचाई. म्हणून शाळेतली होडी एकदा बांधून झाली की पुन्हा सोडवायची, आणि त्याच फळ्या पुढच्या पोरांना द्यायच्या. त्या फळ्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायचे. वर्षानुवर्षं धूर खाऊन आणि तेल पिऊन त्या इतक्या मुरल्या होत्या, की पावसात भिजल्या तरी ढिम्म. आणि परीक्षा कशी? तर अंधाऱ्या कोठीत होडी पालथी घालायची आणि आत पेटता दिवा ठेवायचा. कुठल्याही फटीतून उजेडाचा कण जरी बाहेर आला, तरी नापास! ही परीक्षा गुरुजींनी स्वतः शोधून काढली होती आणि त्यांना तिचा भारी अभिमान होता. "ठोका, ठोका! कापूस असा ठासा की उजेडानं बाहेर यायची वाट विचारावी," असं ते म्हणायचे.

पोरं पास व्हायची, कमरेला हातोडी खोचून डोंगर उतरायची. सारा गाव निरोपाला वेशीपर्यंत जायचा. आणि मग थोड्याच दिवसांत पोरं परत यायची. कुणी म्हणायचा, "बंदरात फार गर्दी आहे." कुणी म्हणायचा, "घरची आठवण आली." गुरुजी प्रत्येकाला मोठ्या आशेनं विचारायचे, "काय रे, आपल्या होडीचं काय म्हणतात तिथं?" आणि प्रत्येक जण मान खाली घालून सांगायचा, "नाव काढतात गुरुजी तुमचं." झाकली मूठ सव्वा लाखाची! गुरुजी खूश, गाव खूश. पोरं पुन्हा शेळ्यांमागे जायची, आणि संध्याकाळी निळ्या रेघेकडे तोंड करून बसायची.

या गावात सगुणा नावाची एक मुलगी होती. तिचे वडील, म्हणजे आबा, तेही तरुणपणी असेच जाऊन परत आलेले. आई सांगायची, "तुझ्या आबांना समुद्राची हवा मानवली नाही." पण सगुणा रोज बघायची, की आबा बाजेवर बसले की बाजेच्या लाकडावरून उगाच हात फिरवतात.  ते बघून तिच्या मनानं घेतलं, की आपण होडी बांधायचीच, बंदरात जाऊन बांधायची, आणि त्या होडीत आबांना बसवायचं. दुसरं काही तिला सुचेच ना.

ती शाळेत गेली. तिच्या होडीतून उजेडाचा कणही बाहेर आला नाही. गुरुजी तर आनंदानं टाळ्या वाजवायला लागले. निघताना आबा वेशीपर्यंत आले. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी दोनदा तोंड उघडलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "सांभाळून राहा, पोरी."

बंदरातल्या कारखान्यात भिवा मेस्त्री मुख्य होते. उंच, तिरसट माणूस, पण पोटात पाप नाही. आता दूरच्या गावांतूनही माणसं यायची, त्यामुळे दारात काम मागणाऱ्यांची रांग लागलेली. मेस्त्रींनी सगुणाला फळ्या दिल्या आणि म्हणाले, "काय गो बाय, डोंगरावरची ना तू? बांध एक लहान होडी. पाण्यात टिकली तर तू इथली."

सगुणानं जीव ओतून होडी बांधली. रंधा असा मारला की फळी आरशासारखी झाली. फळ्या अशा बसवल्या की सांध्यात नख जाईना, आणि उरल्यासुरल्या फटीत कापूस ठासठासून भरला. होडी खाडीत सोडली. आत पाण्याचा थेंब नाही! सगुणाला वाटलं, आता आबांना निरोप धाडावा. पण दुसऱ्या दिवशी होडी कुरकुरायला लागली. फळ्यांना पोक आलं. एक खिळा फाडकन उडाला, मग दुसरा. खाडीचं पाणी भसकन आत शिरलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सगुणाची होडी तळाला गेली.

कोणीतरी हसलं. सगुणाचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. माझाच हात वाईट, आबा उगाच वेशीपर्यंत आले, गुरुजींना काय तोंड दाखवू, असलं काय काय तिच्या मनात आलं. मुकाट्यानं डोंगराची वाट धरावी म्हणून ती वळलीसुद्धा. पण मनातली ओढ काही तिला जाऊ देईना. ती मागे फिरली, आणि भर गर्दीत मेस्त्रींसमोर जाऊन उभी राहिली.

"मेस्त्री, माझी होडी का फुटली?"

मेस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, इतकी वर्षं डोंगरावरची पोरं येतात, पण हे विचारणारी तू पहिलीच! होडी बुडाली की आम्ही मान वर करून बघतो, तोवर माणूस पसार."

मग त्यांनी तिला जवळ बसवलं. "तुमच्या घराचं दार पावसाळ्यात फुगतं की नाही?"

"फुगतं. लाथ मारल्याशिवाय लागत नाही."

"मग होडीचं लाकूड नाही फुगणार? त्याला फुगायला जागा नको? तू जागाच ठेवली नाहीस. फळ्या एकमेकींना रेटायला लागल्या आणि खिळे सोडून बाहेर आल्या. फट थोडी ठेवायची, कापूस हलक्या हातानं भरायचा. पहिल्या दिवशी पाणी झिरपतं, झिरपू दे. लाकूड फुगलं की फट आपोआप मिटते." मग जरा थांबून म्हणाले, "हात मात्र तुझा सोन्यासारखा आहे. उद्यापासून ये. मदतनीस म्हणून लाग, पुढं मेस्त्रीही होशील."

सगुणाला रडू फुटलं. जे हवं होतं ते मिळालं होतं. पण डोळे पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं, की डोंगरावर पुढच्या तुकडीची दिव्याची परीक्षा जवळ आली आहे. ती पोरं पास होतील, उतरतील, त्यांच्याही होड्या फुटतील, आणि तीही खोटं बोलत परत जातील. "मेस्त्री, मी वर जाऊन सांगून येऊ का? तेवढी माझी जागा ठेवाल?"

"जा की. पण जागा ठेवणार नाही," मेस्त्री म्हणाले. "दारातली रांग बघितलीस ना? काम कुणासाठी थांबत नाही, बाय."

सगुणा धक्क्यावर जाऊन बसली. माथ्यावरून दिसणारी रेघ आता पायाशी होती, आणि ती काही रेघ नव्हती, केवढं तरी पाणी होतं. ते सोडून जायचं तिच्या जिवावर आलं. राहावं, गुपचूप राहावं, कोण बघतंय? पण तिला बाजेच्या लाकडावरून फिरणारा आबांचा हात आठवला. आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, आबांचीही अशीच फुटली असेल का? ती उठली आणि डोंगर चढायला लागली.

परीक्षेच्या दिवशी सगळा गाव शाळेत जमला होता. सगुणाला बघून गुरुजींचा चेहरा उजळला. "आलीस? काय म्हणतात गं आपल्या होडीचं?"

"गुरुजी, माझी होडी फुटली. बुडाली." आणि मग तिनं फटीचं, फुगण्याचं, आणि धुरात मुरलेल्या शाळेच्या फळ्या फुगत नाहीत म्हणून इथं ते कळत नाही, हे सगळं सांगितलं.

गावात एकच गलका झाला. "नाचता येईना अंगण वाकडं!" एक म्हातारा ओरडला. "स्वतःला जमलं नाही, आणि दोष गुरुजींना? इतकी पोरं जाऊन आली, कुणाची बुडाली का?"  सगुणा एकटी उभी होती, आणि तिच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात मागून आबा उठले. "माझी बुडाली होती," ते म्हणाले.  "मला वाटलं, माझाच हात वाईट. तोंड चुकवून पळून आलो. पोरगी निघाली तेव्हासुद्धा सांगायची लाज वाटली मला."

 मग शेळ्यांमागे जाणारा एक जण उठला. "माझीपण." मग गावचा कोतवाल उठला, मग लोहार, मग दोघं भाऊ एकदम. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तसं झालं. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, की बुडाली ती आपल्या एकट्याचीच.

 "मी दर वर्षी विचारत होतो रे," गुरुजी म्हणाले. "किती आशेनं विचारत होतो! एकानं, अरे, एकानं जरी खरं सांगितलं असतं, तर पुढच्यांची वाचली असती." आणि ते सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "डोली बांधा. मला खाली न्या."

गुरुजींना डोलीत घालून पोरांनी बंदरात नेलं. त्यांनी वाकून समुद्राच्या पाण्यात हात बुडवला. मग भिवा मेस्त्रींपुढं हात जोडून म्हणाले, "मेस्त्री, माझी अर्धी विद्या राहिली आहे. मला शिष्य करून घ्या."

मेस्त्री ओशाळले. "असं नका म्हणू गुरुजी. तुमच्या पोरांसारखा रंधा माझ्याकडं कुणाचा चालत नाही. पण चूक माझीही आहे. ती पोरं पळून जायची आणि मी कधी हाक मारली नाही." दोघांनी मिळून ठरवलं, की अर्धं वर्ष पोरांनी डोंगरावर शिकायचं आणि अर्धं वर्ष कारखान्यात, खऱ्या लाकडावर, खऱ्या पाण्यात. आणि कुणाची होडी बुडाली, की गुरुजी आणि मेस्त्री दोघांनी मिळून ती वर काढून बघायची.

सगुणाची जागा मात्र गेली होती. तिच्या जागेवर दुसरा कुणी हातोडी चालवत होता, आणि ती नव्या पोरांबरोबर कापूस पिंजत बसायची.  पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. नवी जागा निघाली, तेव्हा ती मदतनीस झाली. पुढं मेस्त्रीही झाली, पण ते फार पुढं.

त्या पहिल्याच वर्षी शाळेतल्या पोरांबरोबर एक पिकल्या केसांचा विद्यार्थी खाली आला. आबाच ते! त्यांनी हलक्या हातानं कापूस भरून होडी बांधली आणि पाण्यात सोडली. होडीत पाणी झिरपायला लागलं. आबांचा चेहरा उतरला, पाय मागे सरकले. सगुणानं त्यांचा दंड धरला. "आबा, थांबा. आज कुठं जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतलं पाणी उपसून काढलं आणि वाट बघत बसले. नवं पाणी आलंच नाही. आबांनी होडीच्या कोरड्या तळावर तळहात टेकवला.

"सगुणे," ते म्हणाले, "तेव्हा मी फक्त 'का' एवढंच विचारलं असतं, तर माझं सगळं आयुष्य इथं गेलं असतं गं."

 सगुणा होडीत चढली, बापाच्या शेजारी बसली आणि तिनं वल्हं त्यांच्या हातात दिलं. आबांनी डोळे पुसले आणि होडी खाडीबाहेर काढली.

तर बाळांनो, या कथेचं तात्पर्य एवढंच: काम जिथं चालतं तिथं जाऊन शिकावं, आणि अपयश आलं तर ते लपवू नये. जो आपली बुडालेली होडी दाखवतो, तो मागून येणाऱ्यांच्या होड्या वाचवतो.