मिलकाबाईची खांड

खाडी आजच्याहून बरीच आत होती आणि खारवेळ गावाची सगळी भातशेती एका मातीच्या बांधावर तगून होती, त्या काळची ही गोष्ट. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. बांधाला खांड पडली की शेतात मीठ शिरायचं, आणि मग तिथं गवतसुद्धा धरायचं नाही.

त्या गावात मिलकाबाई राहायची. बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, गावात तेवढं एकच घर. ती विधवा, तेलाचा घाणा चालवायची. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक तिला शनवार तेलीण म्हणत. तिच्या घरात पोथी नव्हती. पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं तेव्हा पोथ्या दर्यात गेल्या, असं म्हणतात. उरली ती एक प्रार्थना, तोंडपाठ. तिचा अर्थ सासूनं सांगितला होता : देव एकच, आणि डोकं टेकायचं ते त्याच्यापुढंच.

एका पावसाळ्यात बांधाला खांड पडली. गावानं ती बुजवली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथंच पडली. मग मात्र लोक भ्यायले. तिसऱ्या वर्षी, श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाआधी, नागोजी खोतांनी गाव गोळा केला.

"घरटी एक माणूस बांधावर येईल," खोत म्हणाले. "नारळ वाहील, दर्याला डोकं टेकेल. एकही घर सुटता कामा नये."

गाव हो म्हणाला. मिलकाबाई म्हणाली, "खोत, मी माती वाहीन, सांगाल तेवढी. डोकं टेकणार नाही."

"आणि तुझ्या एका घरापायी गाव बुडाला तर?"

"मग मीही बुडेनच की. माझं घर काय डोंगरावर आहे?"

खोत म्हणाले, "बांध फुटला तर या गावात तुला विस्तव मिळणार नाही, पाणी मिळणार नाही. सून, नातू, सगळ्यांना घेऊन होडीत बसायचं."

त्या दिवसापासून तिच्या दारात तेलाला कुणी फिरकलं नाही. शेजारची भिवरा आगरीण तेवढी आली. "अगं मिलके, नुसती मान लवव. मनात काय आहे ते कोण बघतंय?"

"ज्याला बघायचं तो बघतोय," मिलकाबाई म्हणाली. पण भिवरा गेल्यावर ती नातवाला पोटाशी धरून बसली. सुनेनं भांडी एका गाठोड्यात बांधायला घेतली.

अमावास्या उजाडली. गावानं श्रद्धेनं नारळ वाहिले, मिलकाबाईनं बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या. दुपारी भरती चढली. असं म्हणतात, त्या दिवशी वारा नव्हता, पाऊस नव्हता, नुसतं पाणी वर वर येत होतं. मग जुन्या जागी बांध ओला दिसू लागला. माती खचली, आणि बांधाला माणूस मावेल एवढी खांड पडली.

लोक मागे पळाले. सगळे बघत होते ते मिलकाबाईकडे. तिनं पाटी खाली टाकली. बाजूला पडलेली फळी उचलली, खांडीत उतरली आणि पाठ दर्याकडे करून फळी पाठीशी धरून उभी राहिली. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं.

"आता तरी!" खोत ओरडले. "आता तरी हात जोड!"

भिवरा रडत होती. "मिलके, एकदाच जोड गं!"

"हात फळीला आहेत!" मिलकाबाई ओरडली. "माती टाका!"

कुणी हललं नाही. पाणी गळ्याशी आलं. तिनं डोळे मिटले आणि ती एकच प्रार्थना म्हणायला लागली. तेव्हा भिवरेनं पाटी उचलली. मग दुसऱ्यानं. मग खोतांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, त्यात चिखल भरला. असं म्हणतात, दर्या बांधाच्याही वर वीतभर चढला आणि भिंतीसारखा उभा राहिला, पण एक थेंब अलीकडे पडला नाही. ओहोटी लागेपर्यंत तो तसाच उभा होता.

खांड बुजली. लोकांनी मिलकाबाईला ओढून बाहेर काढलं. तिचे ओठ निळे पडले होते. गाव तिच्याभोवती गोळा झाला, आणि नागोजी खोत खाली वाकले, तिच्या पायांवर डोकं ठेवायला.

मिलकाबाईनं पाय मागे घेतले. तिला धड उभंही राहता येत नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "खोत, उठा. माझ्यापुढं तर मुळीच नको."

पुढं ती बरीच वर्षं जगली. ती गेल्यावर लोकांनी खांडीवर दगड बसवायचं ठरवलं, शेंदूरही आणला. भिवरा तेव्हा म्हातारी झाली होती. ती त्या जागेवर जाऊन बसली आणि दगड परत नेईपर्यंत उठली नाही, असं म्हणतात.

म्हणून आजही खारवेळच्या बांधावर मिलकाबाईचं देऊळ दिसत नाही, दिवा नाही, हार नाही. अमावास्येला गाव आपला नारळ दुसरीकडे वाहतो. मग सगळे त्या खांडीवर येतात, घरटी एक पाटी माती टाकतात, पायांनी दाबतात, आणि ताठ मानेनं घरी जातात.