तापमानाचा काटा

घाटातून गाड्या कण्हत-कुंथत चढायच्या, त्या काळची गोष्ट. एका डिझेल पिकअपमध्ये इंजिन होतं आणि त्याचा ताप सांगणारा काटा होता. एकदा मालक संपत बोडकेने गाडीमागे दगडांनी भरलेली ट्रॉली जोडली आणि घाट धरला. अर्ध्या चढातच काटा लाल खुणेला टेकला.

"अरे थांब, पाणी उकळतंय!" काटा इंजिनावर ओरडला.

"गप्प बस!" इंजिन गुरगुरलं. "माझी ताकद तुला बघवत नाही. चारचौघांत मला आजारी ठरवतोस!"

संपतही वैतागला. "चढ आला की याची कटकट सुरू," म्हणत त्याने खाली हात घालून काट्याची वायरच उपटली.

काटा शून्यावर पडला. इंजिन खदाखदा हसलं. "बघ, आता कसं थंडगार आहे मी!" काटा संतापाने आतल्या आत जळत होता, पण त्याला तसूभरही हलता येईना.

पुढच्याच वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला, खाडकन आवाज झाला आणि इंजिन जागीच जाम झालं. संपतने घाईघाईने चाकांना दगड लावले. मग परत येऊन तो काट्याच्या काचेवर मूठ आपटत खेकसला, "वेळेवर सांगायला काय झालं होतं रे तुला?"