राजाच्या गुडघ्यांचा बदली

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा खुर्ची फक्त राजाच्या घरी असायची. असाच एक खुर्चीतला राजा होता. जमिनीवर बसणं त्याने इतकी वर्षं टाळलं, की त्याचे गुडघे वाकायलाच तयार होईनात.

इथेच पंचाईत होती. त्या राज्याची रीत अशी, की पाडव्याला राजाने प्रजेच्या पंगतीत मांडी घालून जेवायचं. पहिल्या पानावर जो बसेल, तो वर्षभर राजा. पाडव्याला सहा महिने उरले, तसं राजाने डोंगरावरच्या म्हाताऱ्या योगिनीला बोलावलं. तिला सगळे माई म्हणत.

माई म्हणाली, "महाराज, आसन म्हणजे कसरत नव्हे. सोसवेल तेवढाच ताण द्यायचा, श्वास संथ ठेवायचा. आज गुडघा जमिनीपासून वीतभर वर राहील, महिन्याने चार बोटं. घाई नको, पण खाडाही नको."

"झकास!" राजाने टाळी वाजवली. एक हडकुळा नोकर धावत आला. "हा माझा बदली. माझे उपास हाच करतो, प्रदक्षिणाही हाच घालतो. आसनंही करेल."

माईने कपाळावर हात मारला. "अहो, गुडघे तुमचे आखडलेत ना?"

"म्हणून तर बदली दिला!"

"आणि श्वास? तोही दुसऱ्याने घ्यायचा?"

"सोय असती, तर तेही सांगितलं असतं."

आता या माणसापुढे किती डोकं फोडायचं? माई रोज पहाटे यायची, रोज समजवायची. राजा खुर्चीतून जांभई द्यायचा आणि चटईवर घाम गाळायचा तो बदली. संध्याकाळी राजा त्याला विचारायचा, "आज माझी मांडी कुठवर आली रे?"

"महाराज, आज आपला उजवा गुडघा टेकला."

राजा खूश! त्याने माईला शालही दिली. ती शाल त्याच्याच तोंडावर फेकावी, असं माईला वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून तिचे हात दुखायला लागले होते.

पाडवा उजाडला. पंगत बसली. राजा पहिल्या पानाशी आला, जेमतेम वाकला आणि "आई गं!" म्हणून ओरडला. पुन्हा वाकला, पुन्हा ओरडला. भात निवायला लागला.

शेवटी वैतागून तो सवयीने म्हणाला, "बदली, तू बस रे माझ्या वतीने."

बदली बसला. पाठ ताठ, मांडी जमिनीला टेकलेली, श्वास संथ.

पंगतीतला एक म्हातारा पाटील उठला. त्याने राजाच्या डोक्यावरचा मुकुट काढून बदलीच्या डोक्यावर ठेवला.

"अरे, तो माझा बदली आहे!" राजा किंचाळला.

"हो ना," पाटील म्हणाला. "मग राज्यही तोच करेल, तुमच्या वतीने."

पंगत जेवू लागली. राजा भिंतीला टेकून उभा राहिला. माईला त्याची दया आली आणि चीडही आली. ती म्हणाली, "उद्या पहाटे चटईवर या. स्वतः या."

तात्पर्य: देह ज्याचा, घामही त्यानेच गाळावा; तिथे बदली चालत नाही.