नागमणीचे सागरगोटे

“बाई, मला अजून एक वर्ष मिळेल का इथे?”

होटकरबाई खिचडीसाठी लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कशाला?”

“नागमणीसाठी.”

सोलापुरातल्या एका महापालिकेच्या शाळेचा हा व्हरांडा. बाई इथल्याच मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावरही रोज येत आणि एका संस्थेतर्फे वर्षभराच्या सेवेला आलेल्या पोरापोरींना हाताखाली घेत. शाल्मली त्यांतलीच एक. चिपळूणहून लग्न होऊन सोलापुरात आली आणि दोन महिन्यांत इथे रुजू झाली. उद्या तिचं वर्ष संपत होतं.

“बाकीची सगळी वाचायला लागली, बाई. ही एकटी तोंड उघडत नाही. घरी तेलुगू बोलते, खूप बोलते म्हणे. कळतं तिला सगळं. पण शाळेत… चकार शब्द नाही.”

“तू काय काय केलंस?”

शाल्मलीला हा प्रश्न आवडला. “चित्रं दाखवली. गाणी म्हटली. गोष्टी सांगितल्या, त्याही हातवारे करून. शेवटी बाहुली आणली. बाहुलीच्या आवाजात तिच्याशी बोलले.”

“मग? बोलली?”

“नाही ना! मीच बोलत होते.”

“हं…”

बाईंनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. पुढचा गड्डा फोडला.

“तिला बोलती केल्याशिवाय मी जाणार नाही,” शाल्मली म्हणाली. “एवढं एक राहिलं, तर वर्ष पुरं झालं असं मला वाटणारच नाही.”

अंगणात पोरांचा गलका चालला होता. चिंचेखाली नागमणी एकटीच सागरगोटे खेळत होती.

“सासरी आल्या आल्या फार बोलायचीस का गं?” बाईंनी मध्येच विचारलं.

शाल्मली हसली. “छे! पहिले पंधरा दिवस नुसतं हो आणि नाही. माझ्या सासूबाई बिचाऱ्या एकेक समजावून सांगायच्या. मिठाची बरणी ही, पाणी कधी येतं, मामंजींना काय चालत नाही. मी आपली मान डोलवायची. शेजारच्या काकूंना तर वाटलं, मुलगी मुकीच केली की काय.”

“मग कंठ कशानं फुटला?”

“मोदकानं.”

“आं?”

“संकष्टीला सासूबाई मोदक करायला बसल्या. पारी फाटली. दुसरी केली, तीही फाटली. तिसरीच्या वेळी मला राहवेना हो! म्हटलं, आई, तसं नाही, उकड अजून मळा, आणि बोटं तेलात बुडवा… झालं. तेव्हापासून मी गप्प अशी नाहीच. हे तर म्हणतात, कुठून तो मोदक फाटला!”

बाई खळखळून हसल्या. हसता हसता थांबल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “जा. सुट्टी संपेल.”

“आणि वर्षाचं?”

“जा तर खरी.”

शाल्मली पिशवी उचलून निघाली. पिशवीत आजची नवी चित्रं होती. मोर, हत्ती, आगगाडी. नागमणीपाशी पोचली तशी सवयीनं म्हणणार होती, “अगं नागमणी, बघ तरी मी काय आणलंय…”

तोंड उघडलं होतं. ते तिनं तसंच मिटलं.

पिशवी झाडाच्या बुंध्याशी ठेवून ती मातीत बसली. नव्या साडीचं काय होईल ते होवो. तिनं हात पुढे केला. नागमणीनं तिच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि सागरगोटे तिच्या हातात ठेवले.

शाल्मलीनं एक वर उडवला. खालचे उचलायला गेली, तर वरचा डोक्यात पडला.

पुन्हा उडवला. या वेळी खालचेच चहूकडे पांगले.

नागमणीनं कपाळाला हात लावला.

तिसऱ्यांदा शाल्मलीनं जीभ दातांत धरून, फार मन लावून, सागरगोटा असा उडवला की तो थेट गटाराशी जाऊन पडला.

“ओ टीचर! असं कुठं असतंय?”

आवाज घोगरा होता. आणि चांगला मोठा.

“एवढं उंच कशाला उडवलाव? हात पालथा करा की! पालथा! हां. आता खाली बघू नका, वर बघा. वर! अय्यो… द्या इकडं, तुम्हाला काय येत नाही.”

पोरीची टकळी सुरू झाली ती थांबेना. मराठी कुठे संपत होतं आणि तेलुगू कुठे सुरू होत होतं, पत्ता लागत नव्हता. शाल्मली मान डोलवत होती, पालथा हात पुढे करत होती, आणि मातीत पडलेला गोटा पुन्हा उचलत होती.

घंटा झाली. नागमणी वर्गाकडे पळाली. पळतानाही काहीतरी बजावतच होती.

शाल्मली व्हरांड्यात आली. साडीला माती, केसांत चिंचेचा पाला, आणि चेहरा असा की सांगता सोय नाही.

“बाई! बोलली! ऐकलंत ना? मी बोलतं केलं तिला!”

होटकरबाईंनी वाटीतला लसूण निवडून बघितला. एका पाकळीचं राहिलेलं साल काढलं…

“ती बोलली, ते ऐकू आलंच की,” त्या म्हणाल्या. “तू गप्प कशी बसलीस, ते सांग.”