गेल्या वर्षीइतकंच गोड

नदीच्या वळणावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. पुष्कळ शिकलेले, पण आपल्या शिकण्यावर फारसा भरवसा नसलेले गृहस्थ. गावाची एक जुनी चाल होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे नदी अगदी रोडावलेली असताना, गुरुजींनी घाटावर बसून ओंजळभर पाणी चाखायचे आणि साऱ्या गावासमोर निर्वाळा द्यायचा. चाळीस वर्षे त्यांचा निर्वाळा एकच होता, "पाणी गोड आहे. गेल्या वर्षीइतकंच."

त्या वर्षी मात्र या शब्दांना वेगळे वजन आले होते. गावाच्या वरच्या अंगाला एका व्यापाऱ्याचा कापड रंगवण्याचा कारखाना होता. त्याचे सांडपाणी कित्येक वर्षे नदीत मिसळत होते. आता त्याला डोंगरातून येणारा एक ओढाही हवा होता. कोणाचेच सांडपाणी मिसळत नाही, असा तेवढा एकच ओढा नदीला उरला होता. पाटील म्हणाले, "गुरुजींनी यंदाही पाणी गोड म्हटलं, तर ओढा तुमचा." व्यापारी निश्चिंत झाला.

तृतीयेच्या तीन दिवस आधी गुरुजींनी आपल्या शिष्याला हाक मारली.

"ओढ्याच्या उगमापाशी जा आणि झऱ्याचं पाणी घागरभर घेऊन ये."

"घागरभर? गुरुजी, आपल्या दारात नदी आहे."

"दिसते मला. जा तू."

शिष्य याच गावचा, याच पाण्यावर वाढलेला. दिवसभर डोंगर चढून तो झऱ्याशी पोचला आणि तहानेने ओंजळ लावली. पाणी फिके लागले. जिभेवर काही रेंगाळलेच नाही. आपण भलत्याच झऱ्याशी आलो की काय, अशी शंका येऊन त्याने आसपास आणखी शोधले. दुसरा झरा नव्हता. शेवटी तेच पाणी भरून, दर कोसाला खांदा बदलत तो परतला.

घाटावर धुणे धुणाऱ्या बायांनी त्याला गाठलेच. "काय रे, नदी रुसली का तुझ्यावर?"

"अगं, गुरुजींना आता आचमनालाही डोंगरावरचं पाणी लागतंय!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खळखळून हसल्या. शिष्य खाली मान घालून पायऱ्या चढला. त्यालाही या खेपेचा अर्थ लागला नव्हता.

तृतीयेला सारा गाव घाटावर जमला. गुरुजींनी नदीत हात घातला नाही. त्यांनी समोर दोन हंडे ठेवायला लावले आणि म्हणाले, "आज मी चाखणार नाही. तुम्ही चाखा."

कोणत्या हंड्यात काय आहे, ते गुरुजी आणि शिष्य सोडून कोणालाच ठाऊक नव्हते. एकेक जण पुढे येऊ लागला. डावीकडचे पाणी तोंडात घेताच लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"उकळून गार केल्यासारखं लागतंय."

"ह्यानं तहान नाही भागायची, बाई," एक म्हातारी म्हणाली आणि तिने चूळ टाकली.

उजवीकडचे पाणी पिताच मात्र सगळ्यांचे चेहरे निवळले. "हां! हे आपलं पाणी."

पाटलांनी मिशा पुसल्या. "गुरुजी, उजवीकडचं गोड. त्यात काय विचारायचं?"

"झालं तर मग!" व्यापारी हसत म्हणाला. "उजवीकडचं नदीचंच असणार."

"हो, नदीचंच आहे," गुरुजी म्हणाले. "डावीकडचं ओढ्याच्या उगमाचं. चाळीस वर्षांपूर्वी आपली नदी तशी लागायची. तेव्हा सगळेच ओढे तसे होते."

गुरुजींनी डावीकडच्या हंड्यावर हात ठेवला.

"चूक माझी आहे. दरवर्षी मी पाणी चाखलं ते गेल्या वर्षीच्या पाण्याशी ताडून. वर्षभरात फरक पडायचा तो केसाएवढा. तो जिभेला कळला नाही आणि पुढच्या वर्षी तेच पाणी माझं माप झालं. गेल्या वर्षी पाटलांकडे डोंगराकडची सून आली. पाणी पिताना ती नाकाला पदर लावायची आणि आपण हसायचो. मागच्या आठवड्यात मी तिला विचारलं, 'पोरी, अजून वास येतो का गं?' ती म्हणाली, 'नाही आजोबा, आता नाही येत.' वर्षभरात नदी तर कोणी धुतली नव्हती. तेव्हा मला माझ्या जिभेची भीती वाटली. झऱ्याचं पाणी काल मीही चाखलं. मलाही फिकंच लागलं. ओढा राहिला, तर ताडून बघायला निदान काही उरेल. तो गेला, तर आपण जे पिऊ त्यालाच गोड म्हणू, आणि तेव्हा आपण खोटंही बोलत नसू."

पाटलांनी सुनेकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

"ओढा यंदा द्यायचा नाही," पाटील सावकाश म्हणाले.

व्यापारी रागावला नाही. उपरणे झटकून तो उठला. "पुढच्या तृतीयेला पुन्हा विचारीन, पाटील. आजची चव तोवर कोणाच्या लक्षात राहते ते बघू."

लोक पांगले. जाता जाता बायांनी नदीतून घागरी भरून घेतल्या, कारण घरी स्वयंपाक व्हायचा होता.

"ओढा वाचला, गुरुजी," शिष्य म्हणाला.

"व्यापारी बरोबर बोलला रे. वर्षभर सगळे हेच पाणी पिणार. मीसुद्धा." गुरुजींनी डोंगराकडे बोट केले. "तू उगमाजवळच्या वाडीवर राहायला जा. वर्षभर तेच पाणी पी. पुढच्या वर्षी इथे एक तरी माणूस असा हवा, ज्याला नदीचं पाणी तोंडात धरवणार नाही."

"आणि त्यानंतर? इथं परत आल्यावर मला घरचं पाणी..."

गुरुजींनी रिकामी घागर त्याच्या हाती दिली.

तो घरी गेला. आई अंगणात नदीचे पाणी गाळून माठात भरत होती. तिच्या हातून तांब्या घेऊन तो पोटभर पाणी प्याला. ते फार गोड लागले. मग आत जाऊन त्याने वळकटी बांधायला घेतली.