परत दिलेली सुरी

वाराणसीत जयसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व एका आखाड्याचे आचार्य म्हणून जन्मले होते. हल्लेखोराच्या हातून सुरी काढून घेण्यात त्यांच्या शिष्यांचा हात धरणारे नगरात कोणी नव्हते. कुंडक हा त्यांचा पट्टशिष्य. स्वारी नेहमी तोऱ्यात असे. आखाड्याचा शिरस्ता असा, की लाकडी सुरी हिसकावली की मूठ पुढे करून ती जोडीदाराला परत द्यायची आणि डाव पुन्हा मांडायचा. कुंडक लहानपणापासून हेच करीत आला होता.

एके दिवशी राजाने कुंडकाचे हे कसब पाहिले. खूश होऊन त्याने गुरुशिष्य दोघांना शाली दिल्या आणि आचार्यांना राजगुरू करून त्यांच्याकडून साऱ्या नगराला ही विद्या शिकवून घ्यायचे ठरवले.

दरबारातून परतताना बोळात एक लुटारू आडवा आला. त्याने कुंडकाच्या गळ्याला सुरी लावली. "शाल काढ."

"देऊन टाक, बाळा," आचार्य म्हणाले.

पण कुंडक कुठला ऐकतो! डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुरी त्याच्या हातात आली. आणि मग त्याने ती फिरवून, मूठ पुढे करून, लुटारूला परत दिली.

लुटारूसुद्धा क्षणभर बघतच राहिला.  आपण काय करून बसलो ते कुंडकाला कळत होते, पण अंग जागचे हलत नव्हते. भेदरलेल्या लुटारूने वार केला, तेव्हा आचार्य मध्ये पडले. सुरी त्यांच्या दंडात घुसली. दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतःची शाल पुढे केली.

"ही घे आणि जा, बाबा."

तो शाल घेऊन पळाला.

जखम बांधताना कुंडकाने विचारले, "आचार्य, मी ती परत का दिली?"

"मी तसेच शिकवले म्हणून."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व राजाला म्हणाले, "महाराज, राजगुरुपद नको. ही विद्या पाहायला छान आहे. काल बोळात तिने माझ्या शिष्याचा जीव घेतला असता."

त्या दिवसापासून आखाड्यात पहिला धडा बदलला. लुटारू मागेल ते द्यायचे, ओरडायचे आणि पळायचे. शिष्य हसले आणि बहुतेक सोडून गेले. कुंडक मात्र राहिला.

ही कथा भिक्खुसंघाला सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा कुंडक म्हणजे इथे बसलेला सुदंत. तो लुटारू म्हणजे त्याच्या शेजारचा उत्तिल, ज्याने आत्ताच त्याला पाणी दिले. आणि आचार्य मीच होतो. मानमरातबावर पाणी सोडून माणसाचा जीव राखला, ती माझी प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."

 सुदंत आणि उत्तिल एकमेकांकडे बघत राहिले.